बार उडालाच नाही, आता काय? गोव्यातल्या बंदूक लायसनवाल्यांचे नेहमीचे प्रश्न

सत्तरी, डिचोली, सांगे, पेडणे, काणकोण, कुठेही जा, कुळागर किंवा काजूची बाग असलेल्या घरात आजोबांच्या नावावरची एक बंदूक असतेच आणि ती वर्षातले दहा महिने कपाटात पडून असते. मग एक दिवस काढली की अडते. प्रश्न तेच तेच येतात म्हणून सगळी उत्तरं एकाच ठिकाणी लिहून ठेवतोय. हे लायसन असलेल्यांसाठी आहे, बिनलायसनवाल्यांनी आधी वकील गाठावा.

चाप ओढला, नुसता 'टक्' झाला, बार नाही. पहिलं काय करू?

काहीच करू नका. खरंच सांगतो, बंदूक आहे तशी धरून ठेवा, नळी सुरक्षित दिशेला, बोट चापावरून बाहेर, आणि मनात आकडे मोजायला लागा. कमीत कमी ३० सेकंद, नेमबाजीच्या बऱ्याच रेंजवर पूर्ण एक मिनिट थांबायला लावतात आणि मला मिनिटच बरं वाटतं. होतं काय, घोडा पडतो, कॅप (काडतुसाच्या बुडातली, दारू पेटवणारी टिकली) कशीबशी पेटते, पण आतली दारू ओलसर किंवा जुनी असली की लगेच धरत नाही, आणि बार उशिराने उडतो. याला हँगफायर म्हणतात. बहुतेक वेळा हा उशीर सेकंदाच्याही आतला असतो, पण त्या 'बहुतेक'वर आपला डोळा कोण लावणार.

माणसाचा स्वभाव मात्र उलटा आहे. टक् झालं की लगेच बंदूक आडवी करून नळीकडे बघतो, नाहीतर बाजूच्याला "काय झालं रे हिला" म्हणत वळतो, आणि वळताना नळी पण त्याच्याकडेच वळते. बार उडाला नाही म्हणजे बंदूक भरलेली आहे, एवढंच त्या क्षणी खरं.

सुरक्षित दिशा म्हणजे नेमकी कुठली? बागेत तर सगळीकडे माणसं असतात.

समोरची मऊ माती, चढाचा भाग, नांगरलेली जमीन. चिऱ्याचा गडगा किंवा कातळ नको, कडक पृष्ठभागावरून छर्रे उलटे फिरतात. व्हाळाच्या पाण्याकडे पण नको, त्याच कारणाने. आकाशाकडे नळी करून उभं राहणं लोकांना सेफ वाटतं पण गोळी असेल तर ती कुठेतरी खाली येणारच आहे, आणि कुळागरात सुपारी काढणारा वरच असतो हे विसरू नका.

मिनिट झालं. आता दुनळी उघडू का?

हो, पण तोंड बंदुकीच्या मागे नको. नळी जमिनीकडेच ठेवून, थोडं बाजूला सरकून, हळू उघडा. इजेक्टरवाली असेल तर ज्या नळीचा घोडा पडलाय तिचं काडतूस आपोआप मागे उडून येतं, न फुटलेलं असलं तरी, त्यामुळे डोकं खाली घालून बघत बसू नका. दुसऱ्या नळीतलं काडतूस पण काढा. लोक हे हमखास विसरतात, सगळं लक्ष रुसलेल्या काडतुसाकडे आणि दुसरी नळी भरलेली तशीच.

मग काडतुसाचा मागचा भाग बघा, तिथे बरीच माहिती मिळते. कॅपवर चांगला खोल खड्डा पडला असेल तर बंदुकीने आपलं काम केलंय, काडतूस खराब आहे. खड्डा उथळ, नुसता ओरखडा असेल तर फायरिंग पिन झिजलीय किंवा स्प्रिंग थकलीय किंवा आत तेलाचा चिकटा साठलाय. खड्डाच नाही तर पिन तुटलेली असू शकते, किंवा सेफ्टी लागलेली होती, हे पण होतं हो, भल्याभल्यांचं होतं. उथळ खड्डा आणि खड्डाच नाही या दोन केसमध्ये नवीन काडतूस घालून परत ट्राय करण्यात अर्थ नाही, बंदूक कारागिराकडे जाऊ दे.

तेच काडतूस परत एकदा मारून बघितलं तर? कधी कधी दुसऱ्यांदा उडतं ना.

उडतं कधी कधी, आणि म्हणूनच ही सवय लागते. एकदा नाकारलेलं काडतूस बाजूला वेगळं ठेवा, चांगल्यात मिसळू नका, खिशात घालून घरी विसरू नका. ते फोडून आतली दारू-छर्रे काढायचे, शेकोटीत टाकायचं, विहिरीत टाकायचं, हे सगळे प्रकार बंद. लायसन असलेल्या डीलरला किंवा पोलीस स्टेशनला विचारून तिथे जमा करा.

बार झाला पण आवाज फुसका आला, धक्का पण जाणवला नाही. पुढचा मारू?

अजिबात नाही. या आख्ख्या पानातलं एकच उत्तर वाचणार असाल तर हे वाचा. फुसका आवाज, कमी धक्का, तोंडाशी नेहमीपेक्षा जास्त धूर किंवा अर्धवट जळलेली दारू खाली सांडलेली, म्हणजे काडतुसात पुरेसा जोर तयार झाला नाही आणि बूच (दारू आणि छर्ऱ्यांच्या मधलं) किंवा गोळी नळीतच अडकलेली असू शकते. इंग्रजीत याला स्क्विब म्हणतात. 'टक्' झालं तेव्हा निदान माणूस थांबतो तरी, इथे बार झाल्यासारखा वाटतो म्हणून तो पुढचा घालतो, आणि पुढच्याचा सगळा दाब त्या अडकलेल्या बुचावर जातो. नळी फुगते, फाटते, आणि दुनळीत आपला डावा हात बरोबर तिथेच नळीखाली असतो.

म्हणून थांबा, मिनिट मोजा, दोन्ही नळ्या रिकाम्या करा, बंदूक पूर्ण रिकामी झाल्याची खात्री झाली की नळ्या काढून मागच्या बाजूने उजेडाकडे बघा. आरपार स्वच्छ गोल दिसला तर ठीक. नाही दिसला तर त्या दिवसाचं काम संपलं. रिकाम्या नळीतलं नुसतं बूच असेल तर क्लीनिंग रॉडने निघतं, धातूची गोळी रुतली असेल तर कारागिराकडेच. आणि "पुढच्या बाराने आपोआप निघेल" म्हणणारा कोणी भेटला तर त्याच्यापासून लांब उभे राहा.

नळीत आणखी काय अडकू शकतं?

आपल्याकडे? कुंभारीण. ती मातीचं घर बांधणारी माशी. दारामागे बंदूक उभी असली की नळीच्या तोंडात मस्त चिकणमातीचं घर करते. शिवाय चिखल, कपड्याचा तुकडा, सुकलेलं ग्रीस. बंदूक टेकवून ठेवताना किंवा घसरून पडल्यावर तोंड मातीत रुतलं तर ती नळी न बघता बार मारायचा नाही. प्रत्येक वेळी भरायच्या आधी एकदा आरपार बघायला पाच सेकंद पण लागत नाहीत.

घरात १२ बोअर आणि २० बोअर दोन्हीची काडतुसं आहेत, चालतं ना?

एका खोलीत पण ठेवू नका. बोअरचा आकडा मोठा म्हणजे नळी बारीक, म्हणून २० बोअरचं काडतूस १२ बोअरच्या चेंबरमध्ये, म्हणजे काडतूस बसतं त्या नळीच्या मागच्या भागात, घातलं तर ते पुढे सरकतं आणि चेंबर संपतो तिथे जाऊन अडकतं. मागून बघणाऱ्याला नळी रिकामी दिसते. तो म्हणतो अरे भरायचं राहिलं, आणि वर १२ चं घालतो. घोडा पडला की मागचा बार पुढच्या जिवंत काडतुसावर, नळी फुटणारच. याच भीतीने हल्ली २० बोअरच्या काडतुसांचं कवच पिवळं करतात. पण जुन्या कागदी काडतुसांचा रंग काय भरवशाचा, म्हणून हातात घेतल्यावर बुडावरचा आकडा वाचायचा.

लांबीचं पण तसंच. जुन्या इंग्लिश पद्धतीच्या बऱ्याच बंदुकांचा चेंबर ६५ मिमीचा म्हणजे अडीच इंची असतो, आजची काडतुसं बहुतेक ७० मिमी. ७० चं ६५ मध्ये आरामात बसतं कारण त्याचं तोंड दुमडलेलं असतं, पण फुटताना ते तोंड उलगडायला जागा मिळत नाही आणि दाब वाढतो. नळीच्या खालच्या सपाट भागावर आकडा कोरलेला असतो, तो बघा. आणि नळीवर पट्ट्यापट्ट्यांची नक्षी दिसत असेल तर ती दमास्कस पद्धतीची नळी असू शकते, आताच्या बिनधुराच्या दारूसाठी ती बनलेलीच नाही. भिंतीवर सुंदर दिसते, तिथेच राहू द्या.

काडतूस फुगलंय, चेंबरमधून निघतच नाही. सुरीने ओढू का?

फुटलेलं रिकामं कवच असेल तर रॉडने मागे ढकलता येतं. जिवंत असेल तर सुरी, स्क्रू-ड्रायव्हर, पक्कड काहीच नको, कॅपवर टोक लागलं की संपलं. आणि पुढून रॉड घालून हातोडीने ठोकणं तर विचारू पण नका, तेव्हा तुमचा हात नळीच्या तोंडासमोर असतो. उघडी दुनळी असेल तर तशीच उघडी ठेवा, कारण उघड्या अवस्थेत घोडा कॅपपर्यंत पोचत नाही, नळीचं तोंड मातीच्या ढिगाकडे, घरातली माणसं लांब, आणि कारागिराला किंवा पोलीस स्टेशनला फोन करून आणायचं कसं ते आधी विचारा. जिवंत काडतूस अडकलेली बंदूक स्कूटरवर आडवी टाकून वाळपईच्या बाजारातून नेणं हा काही उपाय नाही.

आपल्याकडे पावसात बंदुकी इतक्या का अडतात?

दमटपणा, दुसरं काय. जूनपासून सप्टेंबरपर्यंत चपलांना बुरशी येते तिथे काडतुसांचं काय होणार. कागदी कवचाची फुगतात, पितळी बूड हिरवं पडतं, कॅप ओली होते. प्लॅस्टिक कवचवाली जास्त टिकतात पण कॅपच्या कडेने दमटपणा शिरतोच. हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवा, पुड्या अधूनमधून बदला, आणि जुनी आधी वापरायची असा क्रम ठेवा. फ्रीजमध्ये नको, बाहेर काढली की पाणी सुटतं.

बंदूक चामडी कव्हरात ठेवणं ही सगळ्यात वाईट सवय, चामडं ओल धरून ठेवतं आणि गंज तिथूनच सुरू होतो. कव्हर नेण्याआणण्यापुरतं. कुलूपबंद कपाट, हवा खेळती, पंधरवड्याने एकदा कोरडं फडकं आणि मग पातळ गन ऑइलचा हात.

घरचं खोबरेल चालेल का? आजोबा तेच लावायचे.

आजोबांना मान आहे, पण खोबरेल साधारण २४ अंशाच्या खाली थिजतं, आणि डिसेंबर-जानेवारीत सत्तरीतल्या पहाटे तेवढा गारवा असतो. शिवाय जुनं झालं की चिकट होतं, धूळ धरतं, आणि पिन चिखलात रुतल्यासारखी हळू चालते, मग तो उथळ खड्डा. गन ऑइल पण जास्त नको. चेंबर आणि नळी बार मारायच्या आधी कोरडी पुसायची, काडतुसांना तेलाचा हात लागू द्यायचा नाही, तेल कॅपमध्ये झिरपलं की कॅप मरते. गंज सोडवायच्या स्प्रेचं तेच.

काडतुसं भिजली तर उन्हात वाळवायची?

नाही. उन्हात नाही, चुलीजवळ नाही, हेअर ड्रायरने नाही. भिजलेली बाजूला काढून जमा करायची.

आमची ठासणीची, म्हणजे तोंडातून दारू-गोळी ठासून भरायची आहे. तिचे नियम वेगळे का?

थोडे वेगळे आणि जास्त कडक. टोपी (बाहेरून बसवायची कॅप) वाजली, बार नाही, तर इथे किमान दोन मिनिटं, कारण काळी दारू हवेतली ओल धरते आणि धुमसत राहू शकते. मग नळी त्याच दिशेला ठेवून आधी जुनी टोपी काढा. टोपी काढली म्हणजे पेटवणारं गेलं, तरी तोंड नळीच्या पुढे आणायचं नाहीच. आणि नळीत फुंकर मारून "भोक मोकळं आहे का" बघणारे अजून भेटतात, त्यांना काय म्हणावं.

ठासणीचा खरा घात म्हणजे दोनदा भरणं. बार उडाला नाही हे गडबडीत कळलं नाही, किंवा कालची भरलेली तशीच कोपऱ्यात होती, आणि आज दुसऱ्याने परत दारू ठासली. उपाय सोपा आहे, ठासायच्या गजावर दोन खुणा करा, रिकामी असताना गज कुठपर्यंत जातो आणि भरलेली असताना कुठपर्यंत. भरायच्या आधी रोज गज घालून बघा, हात गजावर मूठ करून नाही, दोन बोटांनी टोकाला. आणि बार झाल्यावर लगेच दारूच्या डब्यातून थेट नळीत ओतायचं नाही, आत निखारा राहिलेला असतो, मापाने ओतायचं. पोचारा (नळी पुसायचं गजावरचं फडकं) फिरवा, मिनिटभर थांबा. घरी आणताना भरलेली आणायची नाही, मांगरात, म्हणजे बागेतल्या खोपटात, पण भरलेली टांगायची नाही.

रिव्हॉल्व्हर अडकलं तर लगेच पुढचा चाप ओढायचा असतो ना?

सिनेमात. रिव्हॉल्व्हरमध्ये चाप ओढला की सिलिंडर फिरतो, आणि रुसलेली गोळी नळीसमोरून बाजूला जाते. ती उशिरा उडाली तर समोर नळी नाही, फ्रेम आहे. म्हणून सिलिंडर बंद ठेवून मिनिटभर तसंच धरा, मग उघडा. सिलिंडर फिरतच नसेल तर जोर लावू नका, कधी गोळी अर्धी सिलिंडरमध्ये आणि अर्धी नळीत अशी अडकलेली असते.

पिस्तुलाचं वेगळं. कवच खिडकीत (रिकामं कवच बाहेर पडायची फट) उभं अडकतं, दोन गोळ्या एकदम चेंबरकडे येतात, स्लाइड (पिस्तुलाचा मागे-पुढे सरकणारा वरचा भाग) पूर्ण बंद होत नाही. क्रम लक्षात ठेवा: थांबा, आधी मॅगझिन बाहेर, मग स्लाइड मागे ओढा. उलटं केलंत, म्हणजे मॅगझिन आत असताना स्लाइड ओढली, तर एक बाहेर पडते आणि दुसरी आत जाते, आणि तुम्हाला वाटतं रिकामं झालं. स्लाइड ओढताना तळहात खिडकीवर झाकायचा नाही. मॅगझिनला थाप मारून खटकन स्लाइड ओढायची ती पद्धत पोलीस-आर्मीला जीव वाचवायच्या वेळेसाठी शिकवतात, आपल्याला एवढी घाई कशाची. बरं, अडकण्याचं एक कारण ढिली पकड पण असतं, मनगट सैल असलं की स्लाइडला मागे जायला आधार मिळत नाही.

सेफ्टी लावलीय, मग अडकलेली बंदूक हातात घेऊन चालायला काय हरकत?

बऱ्याच दुनळींमध्ये सेफ्टी फक्त चाप अडवते, घोडा नाही. पडली, आपटली तर आतला घोडा निसटू शकतो. गडगा ओलांडताना, व्हाळ पार करताना, माळ्यावर चढताना बंदूक उघडून रिकामी. दुसऱ्याच्या हातात देताना पण.

रेंजवर बिघडली तर?

रेंजवर सगळ्यात सोपं, कारण जबाबदार माणूस तिथेच असतो. नळी टार्गेटकडे, मोकळा हात वर, रेंज ऑफिसर येईपर्यंत गप्प उभं राहायचं. क्ले शूटिंगमध्ये (उडत्या तबकड्यांवरची नेमबाजी) तर नियमच आहे की रेफरीने बघेपर्यंत बंदूक उघडायची नाही आणि सेफ्टीला हात लावायचा नाही, नाहीतर बिघाड मान्य होत नाही. बिघाड कोणाचाही होतो. टोकियो ऑलिंपिकमध्ये २५ जुलै २०२१ ला नेमबाज मनू भाकरचं पिस्तूल क्वालिफिकेशनच्या मधेच बिघडलं, दुरुस्तीत बराच वेळ गेला आणि फायनल हुकली. तीच मनू २०२४ ला पॅरिसमध्ये दोन ब्रॉन्झ घेऊन आली.

मुलाची एअर रायफल आहे, तिला पण हे सगळं लागू?

लागू. नळी मोडून (खाली दुमडून) भरायची असेल तर भरताना दुसऱ्या हाताने नळी घट्ट धरून ठेवायची, चाप चुकून लागला तर नळी फाडकन मिटते आणि बोटं आत असतात. हवेचा सिलिंडर असलेल्या मॅच रायफलमध्ये २०० बारच्या (हा बार म्हणजे दाब मोजायचं एकक) आसपास दाब असतो, सिलिंडरवरची तारीख बघा, साधारण १० वर्षांनी तो बाद धरतात.

दुरुस्ती गावातल्या वेल्डिंगवाल्याकडे करू का?

नको. शस्त्र कायदा १९५९ प्रमाणे बंदूक दुरुस्त करायला पण लायसन लागतं, म्हणजे तो पण अडकतो आणि तुम्ही पण. नळीवर वेल्डिंग केलं की लोखंडाची ताकद जाते ते वेगळंच. तुम्हाला जायला जमत नसेल तर लायसनधारकाच्या लेखी अधिकारपत्रावर दुसरा माणूस दुरुस्तीसाठी बंदूक नेऊ शकतो, कायद्यात तशी सोय आहे. लायसनची प्रत सोबत द्या. नेताना रिकामी, कव्हरात, काडतुसं वेगळी.

पीक राखायचं लायसन आहे, मग रानडुकरावर बार मारला तर चालतो ना?

हे बिघाडाचं नाही पण दर वेळी कोणीतरी विचारतोच. लायसन बंदूक बाळगायचं आहे, शिकारीचं नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ वेगळा आहे, परवानगी नसेल तर गुन्हा. त्यातच एक कलम आहे जे आपल्याकडे फार जणांना माहीत नसतं: अभयारण्यात किंवा त्याच्या १० किलोमीटरच्या आत राहणाऱ्या बंदूक लायसनधारकाने मुख्य वन्यजीव रक्षकाकडे नाव नोंदवायचं असतं. म्हादई, भगवान महावीर, बोंडला, नेत्रावळी, खोतीगाव, नकाशा काढून बघा, सत्तरी आणि सांग्याचा बराच भाग त्यातच येतो.

लागलंच कोणाला तर?

१०८. स्वच्छ कापडाने जखमेवर घट्ट दाब, रुतलेलं काही उपसायचं नाही, छोटी जखम दिसली तरी गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेज) बांबोळीला न्यायचं, कारण छर्रे आत किती खोल गेलेत ते बाहेरून कळत नाही. बंदूक रिकामी करून ठेवणं शक्य असेल तर करा, नसेल तर नळी सुरक्षित दिशेला ठेवून लोकांना लांब करा आणि पोलिसांना ११२ वर कळवा. डॉक्टर पोलिसांना कळवणारच, तेव्हा "झाडावरून पडला" वगैरे सांगून उपचाराला उशीर करू नका.

निवडणुकीत जमा केलेली बंदूक परत मिळाली, लगेच वापरू?

ऐन काजूच्या सीझनला बंदूक पोलीस स्टेशनात आणि माकडं बागेत, ही तक्रार दर निवडणुकीला असते, ते राहू दे. परत घेताना पावतीवरचा नंबर जुळवा, आणि तिथेच उघडून रिकामी असल्याचं बघा. घरी आल्यावर नळी आरपार बघा, नंतर पोचारा फिरवा, गंजाचे डाग शोधा. रिकाम्या बंदुकीत स्नॅप कॅप, म्हणजे सरावाची खोटी काडतुसं, घालून चाप ओढून बघा, दोन्ही घोडे सारख्या आवाजात पडले पाहिजेत. एक जरी मऊ पडला तर तिला बागेत नेऊ नका, कारागिराची वेळ घ्या.